ग्रेड म्हणजे किंमत नव्हे

घरातली जुनी नाणी आणि नोटा शोधून काढा, परदेशी कंपनीकडून त्यांची ग्रेड ठरवून घ्या आणि लखपती व्हा, असा सल्ला मोबाइलच्या पडद्यावरून भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरसारख्या गावातही आता घरोघरी पोचला आहे. सल्ला देणारा पुरावा म्हणून अमेरिकेतले बेसबॉलचे कार्ड दाखवतो. खेळाडूचे चित्र असलेला पुठ्ठ्याचा तुकडा, प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत बंद केलेला, डबीवर दहापैकी साडेनऊ गुणांची चिठ्ठी आणि लिलावात मिळालेली किंमत १ कोटी २६ लाख डॉलर. मग तो विचारतो, पुठ्ठ्याला एवढे मिळतात, तर तुमच्या आजीच्या चांदीच्या रुपयाला किती मिळतील?

या प्रश्नाचे खरे उत्तर बहुतेक घरांसाठी असे आहे: त्यातल्या चांदीचे जेवढे होतील तेवढे, किंवा त्याहून थोडे जास्त. हे उत्तर ऐकवणारा माणूस लोकप्रिय होत नाही आणि त्याला कमिशनही मिळत नाही. पण ज्या गावाचे अर्धे व्यवहार धान आणि मँगनीजच्या ग्रेडवर चालतात, त्या गावाने तरी ग्रेड या गोष्टीबद्दल फसू नये असे मला मनापासून वाटते.

हा सगळा दावा तीन समजुतींवर उभा आहे. जुने ते मौल्यवान, पहिले ते मौल्यवान आणि ज्याला वरची ग्रेड मिळाली ते मौल्यवान. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या चुकीच्या असल्याचा पुरावा आपल्या नाण्यांच्या आणि त्या बेसबॉल कार्डांच्या बाजारातच आहे.

पहिली समजूत वयाची. महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळापासून तांब्याची शिवराई पाडली जात होती. पुढे छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या राज्यातही ती पडत राहिली आणि अगदी इंग्रजी अमलातही लोकांच्या हातात फिरत राहिली. त्यामुळे दोन-अडीचशे वर्षे जुनी साधी शिवराई आजही नाण्यांच्या बाजारात माफक पैशांत मिळते. महाराजांचा सोन्याचा होन मात्र इतका दुर्मिळ आहे की बहुतेक संग्राहकांनी तो फक्त चित्रात पाहिलेला असतो. दोन्ही नाणी मराठी राज्याची, दोन्ही जुनी, आणि किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. दोन्ही जुनी असताना एवढा फरक कुठून आला? एकाच्या प्रती अमाप उरल्या, दुसऱ्याच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

उलट बाजूने पाहा. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया शिवराईच्या मानाने कालचा म्हणावा इतका नवा. तरीही तो अत्यंत महाग आहे, कारण त्याच्या फार थोड्या प्रती उरल्या. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, सरकारने रुपयातली चांदी बारापैकी अकरा भागांवरून निम्म्यावर आणली. हे नाणे महाग आहे म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत. ज्याच्या घरात '१९३९' सापडेल, त्याने आनंदी होण्याआधी नाणे अस्सल आहे का ते तपासून घ्यावे.

नाण्यावरचे साल पाहून वय सांगणेही नेहमी बरोबर ठरत नाही. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. टांकसाळींनी हेच साल ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले. नेमके कोणत्या वर्षीचे नाणे हे ओळखायला जाणकार मागच्या बाजूचे ठिपके मोजतात. तेव्हा '१८६२ चा दुर्मिळ रुपया' अशी हाक कोणी मारली, तर त्याला एवढेच विचारावे की ठिपके किती आणि कुठे. तो गोंधळला, तर विषय तिथेच संपवावा.

दुसरी समजूत पहिलेपणाची. बेसबॉलमध्ये खेळाडूच्या पदार्पणाच्या काळात निघालेल्या कार्डाला रुकी कार्ड म्हणतात आणि तेच सर्वांत महाग असते, असे सांगितले जाते. पण वर ज्या १ कोटी २६ लाखांच्या कार्डाचा उल्लेख केला, ते मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे कार्ड आहे. ते त्याचे रुकी कार्ड नाही. त्याचे पहिले कार्ड बोमन कंपनीने १९५१ मध्ये काढले होते आणि त्याला याच्या जवळपासही भाव मिळत नाही. कारण १९५२ चा संच हा टॉप्सचा पहिला मोठा संच होता आणि मँटलचे कार्ड त्याच्या उशिरा आलेल्या, कमी खपलेल्या भागात होते. न विकलेली खोकी कंपनीने १९६० च्या सुमारास अटलांटिक महासागरात बुडवली. मँटल न्यूयॉर्कचा नायक होता आणि त्या पिढीतली मुले मोठी होऊन पैसेवाली झाली. दुर्मिळता, आठवण आणि ऐपत एकत्र आली, म्हणून भाव चढला.

पहिलेपणाने भाव येत नाही, याचे आणखी ठळक उदाहरण म्हणजे केन ग्रिफी ज्युनियरचे १९८९ सालचे अपर डेक कंपनीचे कार्ड. ते त्याचे रुकी कार्ड आहे, संचातले क्रमांक १ चे आहे, खेळाडू थोर आहे आणि कार्ड अतिशय लोकप्रिय आहे. पण त्या काळात कंपन्यांनी कार्डे बेसुमार छापली आणि लोकांनी ती पाकिटातून काढून लगेच जपून ठेवली. परिणामी पूर्ण दहा गुणांच्या त्याच्या हजारो प्रती आज आहेत. जे सगळ्यांनी जपले, ते कोणालाच श्रीमंत करत नाही. आपल्याकडे वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे किंवा ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट जपून ठेवणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. ती नाणी आणि नोटा चलनासाठी प्रचंड संख्येने काढलेल्या आहेत. ७८६ क्रमांकाची नोट श्रद्धेपोटी कोणी थोडे जास्त देऊन घेईलही. ती त्या घेणाऱ्याची भावना आहे, तिला बाजारभाव म्हणता येत नाही.

आता तिसरी समजूत, आणि सर्वांत घातक: ग्रेड मिळाली की किंमत मिळाली.

ग्रेड म्हणजे काय हे तुमसरला शिकवावे लागत नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर धान दोन प्रकारांत घेतले जाते, साधारण आणि अ ग्रेड. दाण्याची लांबी-रुंदी यावरून प्रकार ठरतो, ओलावा १७ टक्क्यांच्या वर नको. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि अ ग्रेडला २,३८९ रुपये हमीभाव जाहीर झाला. फरक फक्त वीस रुपयांचा. कारण दोन्ही धान भरडून शेवटी भातच होणार आहे. तसेच मँगनीजचे. मॉइल या खाण कंपनीच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी आमच्या तालुक्यातल्या. खनिजाचा दर त्यातल्या मँगनीजच्या टक्केवारीवर ठरतो, आणि डोंगरी बुजुर्गचे डायऑक्साइड प्रकारचे खनिज कोरड्या बॅटरीसाठी लागते म्हणून त्याचा हिशेब वेगळा होतो. दोन्ही ठिकाणी ग्रेड मोजते ती उपयोगिता. मोजणी प्रयोगशाळेत होते, दुसऱ्याने केली तरी जवळपास तेच उत्तर येते आणि घेणाऱ्याला त्या मालाचे पुढे काय करायचे हे ठाऊक असते.

कार्डाची किंवा नाण्याची ग्रेड यातले काहीच मोजत नाही. ती मोजते कोपरे किती टोकदार आहेत, चित्र मधोमध छापले आहे का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, झीज किती झाली आहे. हे काम माणूस डोळ्यांनी करतो. म्हणून डबी फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवले तर कधी वेगळा गुण येतो, आणि असे मुद्दाम करणारे व्यापारीही आहेत. एवढ्या नाजूक निर्णयावर नऊ आणि दहा गुणांमधला फरक कित्येक पटींचा होतो. कार्ड नऊ गुणांचे असो वा दहा, त्यावरचा खेळाडू तोच असतो. त्या पटीचे खरे कारण एकच: दहा गुणांच्या प्रती कमी आहेत आणि त्या हव्या असणारे श्रीमंत लोक जास्त आहेत. त्या कमी नसतील, तर दहा गुणही निरुपयोगी, हे ग्रिफीच्या कार्डाने दाखवलेच आहे.

गुण आणि किंमत यांचे नाते थेट असावे, हा प्रयत्न एकदा होऊनही गेला. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० गुणांची पट्टी मांडली. कल्पना अशी की १ गुणाच्या नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तर पट किंमत ७० गुणांच्या नाण्याला असावी. बाजाराने हा हिशेब लवकरच मोडून टाकला, कारण उत्तम अवस्थेतली नाणी त्या प्रमाणाच्या किती तरी पुढे गेली. हिशेब मेला, पट्टी उरली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या पीसीजीएससारख्या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांनी तीच उचलली, आणि त्याच घरातून १९९१ मध्ये कार्डांसाठी पीएसए निघाली. म्हणजे आज ज्या आकड्याकडे लोक किंमत म्हणून पाहतात, त्याचे किमतीशी असलेले गणित कधीच खोटे ठरले आहे.

ग्रेड किंमत ठरवते म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या टी-२०६ या १९०९ ते १९११ च्या काळातल्या कार्डाची एक प्रत ऑगस्ट २०२१ मध्ये ६६ लाख ६ हजार डॉलरला विकली गेली. तिला दहापैकी ३ गुण होते. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच कार्डाची दुसरी प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. तिला होते २ गुण. कमी गुणांची प्रत जास्त पैशांना कशी गेली? कारण वॅग्नरने स्वतःचे कार्ड छापणे थांबवायला लावले, त्यामुळे मोजक्याच प्रती बाहेर आल्या. ज्याला वॅग्नर हवा आहे, तो मळका, कोपरे झिजलेला वॅग्नरही घेतो. आपल्याकडे पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट याच जातीची आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि उरलेल्यांना भाव आला. भाव आणला तो वितळलेल्या नाण्यांनी; उरलेल्या नाण्याची चकाकी त्यात नंतर भर घालते, इतकेच.

आणि ग्रेडच्या टेबलाबाहेरही मूल्य असते, हे भंडाऱ्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. आमच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. हमीभावाच्या कोष्टकात वासासाठी रकाना नाही, तरी ज्याला तो वास हवा तो जादा पैसे मोजतो. घेणाऱ्याला काय हवे, हा प्रश्न ग्रेडच्या आधी येतो.

ग्रेडच्या बाजूने बोलणारे म्हणतील, निदान विश्वास तरी मिळतो ना? मिळतो, हे मी मान्य करतो. एकमेकांना न पाहिलेल्या माणसांत व्यवहार व्हायचा असेल, तर तिऱ्हाईताने अस्सल-नक्कल पाहून दिलेली ग्वाही उपयोगाची असते. कोणत्या गुणाच्या किती प्रती तपासून झाल्या याची यादीही या कंपन्या देतात, ती खरोखर कामाची आहे. पण या विश्वासाचा पायाही पाहून ठेवावा. पीएसएने ग्रेड दिलेले पहिलेच कार्ड हे वॅग्नरचे होते, ८ गुणांचे. वेन ग्रेट्स्की या हॉकीपटूने भागीदारासह १९९१ मध्ये ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले होते. २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाखांवर गेली. २०१३ मध्ये ते पूर्वी विकणाऱ्या बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला नियमाने गुणच मिळत नाहीत. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ग्रेडची ही अवस्था असेल, तर कोणा एजंटाने पाठवलेल्या डबीच्या फोटोवर पैसे कसे पाठवायचे? डब्याही बनावट निघतात. शिवाय काही सेवांत वस्तूची किंमत जितकी जास्त, तितके तपासणीचे शुल्क जास्त. ज्याचे उत्पन्न तुमच्या आशेबरोबर वाढते, त्याचे मत शेवटचे मानू नये.

आता घरातल्या नाण्याकडे येऊ. जुन्या माळेतला व्हिक्टोरियाचा रुपया भिंगाखाली धरून पाहा. वरच्या काठाला कडी झाळल्याची राखाडी खूण दिसेल. कडी काढली तरी ती खूण जात नाही. राणीच्या गालाचा उंचवटा आणि मुकुटाखालचे केस झिजून सपाट झालेले असतील. सणासुदीला चिंचेने किंवा रांगोळीने घासल्यामुळे चेहऱ्यावरून एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेषा उजेड तिरका पडला की चमकतील. ग्रेड देणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला सरळ गुणसुद्धा देत नाहीत. घासलेले, खराब केलेले अशी नोंद करून परत पाठवतात. पण मूळ ११.६६ ग्रॅम वजनाच्या त्या नाण्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी आहे आणि ती कोणी काढून घेत नाही. या नाण्याच्या तपासणीवर हजारो रुपये घालवायला सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही.

त्यात कायदाही आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत बसते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 'अमेरिकेत पाठवून ग्रेड आणतो' म्हणणाऱ्याला हे विचारलेच पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितले की तिचे नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जातो आहे, आणि बँक असला व्यवहार करत नाही, तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. तरी आजही 'नोंदणी फी भरा, मग लाखाचा ग्राहक देतो' म्हणणारे थांबलेले नाहीत. फी भरली की आधी जीएसटी, मग विमा, मग प्रमाणपत्र असे एकामागून एक पैसे मागितले जातात. रोवणीच्या मजुरीतून वाचवलेले पैसे अशा फोनवर जाणे ही मला संतापाची गोष्ट वाटते.

'पण मोठे आकडे खरे आहेत ना?' असा आक्षेप येईल. खरे आहेत. बेसबॉलमध्ये पॉल स्कीन्सच्या पदार्पणाच्या जर्सीवरचा तुकडा लावलेले एकमेव कार्ड मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले, आणि ते एका शाळकरी मुलाला साध्या पाकिटात सापडले होते. पण त्याची एकच प्रत आहे, आणि ती एकच असावी हे कंपनीनेच ठरवले होते. शिवाय त्या खेळाडूने पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. यातली एकही गोष्ट तुमच्या-माझ्या पेटीतल्या नाण्यात नाही. दुसरे म्हणजे मोठा आकडा टिकतोच असे नाही. बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डनचे १९८६ चे फ्लीअरचे दहा गुणांचे कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले. वर्षभरात त्याच गुणांच्या प्रतींचा भाव निम्म्याहून खाली आला. कार्ड तेच, गुण तेच. करोनाकाळातली गर्दी ओसरली होती. गुणांनी भाव दिला असता, तर गुणांनी तो टिकवलाही असता.

काही जण मला म्हणतील की गरिबाच्या आशेवर पाणी ओतू नका. आशेशी माझे भांडण नाही. ती आशा विकून पैसा करणाऱ्यांशी आहे. नाणी जमवणे हा उत्तम छंद आहे. त्यातून इतिहास हाताला लागतो. नागपूरच्या अजब बंगल्यात नाण्यांचा संग्रह आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून काम करते आहे. मुलांना तिथे न्या. नाणे घासू नका, त्याला कडी लावू नका, कोणाकडून कसे आले ते लिहून ठेवा. शेतात किंवा घराच्या पायात नाण्यांचा साठा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. परस्पर विकणे हा गुन्हा आहे आणि इतिहासाचे नुकसानही.

आणि विकायचेच असेल, तर तीन प्रश्न विचारल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. अशा अवस्थेतल्या किती प्रती शिल्लक आहेत? त्या कोणाला हव्या आहेत आणि त्याने याआधी प्रत्यक्ष किती मोजले? ज्याने ग्वाही दिली तो खोटा ठरला, तर त्याचे काय जाईल? या तिन्हींची उत्तरे मिळाली की किंमत आपोआप कळते, आणि ग्रेड त्यातल्या एका प्रश्नाला थोडी मदत करते. उत्तरे मिळत नसतील, तर ग्रेड कितीही वरची असली तरी व्यवहार मोडा. समोरचा माणूस फी मागत असेल, तर फोन ठेवा आणि शेजाऱ्यालाही सावध करा.